समासातील इतिहास : पोथीचा समास ते संकेतस्थळावरील साइडबार विजेट
(विशेष संदर्भ : जालना जिल्हा)

प्रस्तावना

इतिहासाची साधने म्हटली की ताम्रपट, शिलालेख, बखरी, दफ्तरे आणि पत्रव्यवहार यांचा उल्लेख होतो. साधन ज्या पृष्ठावर लिहिले गेले, त्या पृष्ठाच्या रचनेकडे मात्र अभ्यासकांचे तुलनेने कमी लक्ष जाते. मजकुराभोवती सोडलेली मोकळी जागा, म्हणजेच समास, ही अशीच एक दुर्लक्षित बाब होय. हस्तलिखित पोथीत ही जागा मजकुराचे रक्षण करीत असे. मुद्रणकाळात तिच्या शेजारी दुसरा स्तंभ आला. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ब्लॉग अथवा अनुदिनी हा लेखनप्रकार रूढ झाल्यावर मुख्य लेखाच्या बाजूस एक उभी पट्टी दिसू लागली. तिला साइडबार आणि तीत बसविल्या जाणाऱ्या लहान स्वतंत्र चौकटीला विजेट असे म्हणतात.

जालना जिल्ह्याच्या दृष्टीने या विषयाला एक विशेष महत्त्व आहे. मराठी हस्तलिखिताच्या समासाविषयी स्पष्ट नियम सांगणारा ग्रंथकार याच जिल्ह्यातील होता. समर्थ रामदासांचा जन्म शके १५३० (इ. स. १६०८) मध्ये आज घनसावंगी तालुक्यात असलेल्या जांब या गावी झाला. त्यांच्या दासबोधात लेखनक्रियेवर एक संपूर्ण समास आहे. त्या समासापासून आजच्या साइडबारपर्यंतचा प्रवास पाहणे आणि जिल्ह्याच्या इतिहासासाठी स्वतंत्र विजेट तयार करताना इतिहासाच्या अध्यापकासमोर कोणते प्रश्न उभे राहतात याची चर्चा करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

उद्दिष्टे

१. हस्तलिखित, मुद्रित आणि संगणकीय पृष्ठांवरील समासाच्या उपयोगाचा ऐतिहासिक आढावा घेणे.
२. ब्लॉगवरील साइडबार विजेट या साधनाचा उगम व विकास समजून घेणे.
३. जालना जिल्ह्याच्या दिनविशेषाचा विजेट तयार करताना येणाऱ्या कालगणनेच्या, लिपीच्या व पुराव्याच्या समस्यांची मांडणी करणे.

पोथीचा समास

दासबोधात वीस दशक असून प्रत्येक दशकात दहा समास आहेत. येथे समास हा शब्द प्रकरण या अर्थी येतो, कागदाच्या कडेची मोकळी जागा या अर्थी नव्हे. तथापि एकोणिसाव्या दशकाच्या पहिल्याच समासात लेखनक्रियेचे निरूपण करताना रामदासांनी या दुसऱ्या अर्थाच्या समासाचाही विचार केलेला आहे. अक्षर वाटोळे, सरळ व मोकळे असावे, ग्रंथाच्या पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत एकाच टाकाने लिहिल्यासारखे वाटावे, कागद घट्ट असावा, बरू देशोदेशीचे आणावेत, असे अनेक नियम तेथे आहेत. मजकुराच्या भोवती जागा सोडावी, म्हणजे काळाच्या ओघात कागदाच्या कडा झडल्या तरी अक्षराला धक्का लागणार नाही, हा नियमही त्यांतच आहे.

या नियमाचा अर्थ नीट लक्षात घेतला पाहिजे. आज समास सौंदर्यासाठी किंवा परीक्षकाच्या गुणांसाठी सोडला जातो. सतराव्या शतकातील ग्रंथकाराने मात्र त्याचे कारण जतन हे सांगितले आहे. ग्रंथ हाताळला जाणार, कडा झिजणार, हे गृहीत धरून झिजण्यासाठीच एक जागा राखून ठेवलेली आहे. हस्तलिखितांच्या परंपरेत हीच जागा पुढे पत्रांक, ग्रंथनामाची आद्याक्षरे, गाळलेले शब्द आणि दुरुस्त्या यांनी भरत गेली. पाठचिकित्सा करणाऱ्या अभ्यासकाला समासातील अशा नोंदी किती मोलाच्या असतात, हे वेगळे सांगावयास नको.

याच समासाची एक मर्यादाही नोंदविणे आवश्यक आहे. बाळबोध अक्षर घोटून सुंदर करण्याचा उपदेश तेथे ब्राह्मणाला उद्देशून आहे. लेखणी ज्याच्या हाती त्यालाच समास उपलब्ध, अशी त्या काळाची सामाजिक स्थिती होती. समासात काय लिहावे हे कोणी ठरवावयाचे, हा प्रश्न त्यामुळे केवळ तांत्रिक राहत नाही. पुढील प्रत्येक टप्प्यावर तो निराळ्या स्वरूपात समोर येतो.

मुद्रित पृष्ठाची बाजू

बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी दर्पण सुरू केले. त्याच्या पृष्ठावर मराठी व इंग्रजी मजकूर शेजारशेजारच्या स्तंभांत छापला जाई. एकाच पृष्ठावर दोन वाचकवर्ग आणि दोन भाषा नांदू शकतात, हे या रचनेने मराठी वाचकास दाखविले. गणपत कृष्णाजींच्या छापखान्यातून छापील मराठी पंचांग बाहेर पडले आणि तोवर जोशीबुवांच्या तोंडून कळणारी तिथी घरोघरी कागदावर येण्याचा मार्ग खुला झाला.

या परंपरेतील पुढचा महत्त्वाचा टप्पा म्हणजे जयंतराव साळगावकर यांनी १९७३ साली सुरू केलेले कालनिर्णय. भिंतीवरील या दिनदर्शिकेत प्रत्येक दिवसाला एक चौकट असते. तीत इंग्रजी तारीख, तिथी, सण व पुण्यतिथ्या असतात आणि उरलेल्या जागेत घरातील मंडळी दुधाचा हिशेब, गॅसच्या टाकीची तारीख किंवा पाहुण्यांचे येणे टिपून ठेवतात. छापणाऱ्याने दिलेली माहिती आणि घराची स्वतःची नोंद एकाच चौकटीत येते. पुढे संगणकाच्या पडद्यावर आलेल्या दिनविशेषाच्या विजेटचे हे मराठी घरातील जवळचे पूर्वरूप मानता येईल. फरक एवढाच, की तयार विजेटमध्ये घराने लिहावयाची जागा नसे.

साइडबार व विजेट यांचा उगम

इंटरनेटवर मराठी मजकूर रुळण्यास लिपीच्या प्रश्नामुळे वेळ लागला. भारतीय लिप्यांसाठीच्या १९८८ च्या इस्की संकेतप्रणालीचा आधार घेऊन १९९१ च्या युनिकोडमध्ये देवनागरीला स्थान मिळाले. परंतु प्रत्यक्ष व्यवहारात त्यानंतरही अनेक वर्षे प्रत्येक संस्थेचा फाँट वेगळा असे. एका फाँटमध्ये लिहिलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर निरर्थक चिन्हांच्या रूपात उमटे. मराठी विकिपीडिया २००३ साली सुरू झाला आणि त्यानंतरच्या काही वर्षांत युनिकोडमध्ये लिहिणाऱ्या मराठी ब्लॉगलेखकांची एक पिढी उभी राहिली. 'मराठी ब्लॉग विश्व' या संकलक संकेतस्थळाचे बोधचिन्ह त्या काळी अनेक मराठी ब्लॉगांच्या साइडबारमध्ये दिसे. विखुरलेल्या लेखकांना परस्परांची ओळख पटविणारी ती एक खूण होती.

ब्लॉगसाठी सर्वाधिक वापरली गेलेली वर्डप्रेस ही मुक्त स्रोत प्रणाली मॅट मुलनवेग व माइक लिटल यांनी २७ मे २००३ रोजी प्रसिद्ध केली. तिच्या २००४ मधील १.२ या आवृत्तीत प्लगइनची सोय आली. प्लगइन म्हणजे मूळ प्रणालीला हात न लावता तिला बाहेरून जोडता येणारी पूरक आज्ञावली. तरीही साइडबारमध्ये बदल करावयाचा तर थीमची फाइल उघडून आज्ञावलीत फेरफार करावा लागे आणि एक अर्धविराम चुकला तरी संपूर्ण संकेतस्थळ कोरे दिसू लागे. २००६ साली साइडबारसाठी विजेटचा प्लगइन आला आणि मे २००७ मधील २.२ या आवृत्तीत ही सोय मूळ प्रणालीतच समाविष्ट झाली. त्यामुळे आज्ञावली न जाणणाऱ्या लेखकालाही माउसने चौकटी ओढून साइडबार रचता येऊ लागला. जून २००९ मधील २.८ या आवृत्तीने विजेटसाठी एक समान पायाभूत आराखडा दिला. तो समोर ठेवून कोणालाही स्वतःचा विजेट लिहिता येतो.

हे सर्व शक्य झाले ते परवान्यामुळे. वर्डप्रेस जीपीएल या परवान्याखाली उपलब्ध असल्याने तिची आज्ञावली वाचण्याचा, बदलण्याचा व वाटण्याचा अधिकार प्रत्येकाला आहे. पोथी उतरवून घेण्याची मुभा असलेल्या परंपरेशी याचे काहीसे साम्य आहे. अर्थात आज्ञावली इंग्रजीत असल्याने तिचा प्रत्यक्ष लाभ कोणाला घेता येतो, हा अधिकाराचा जुना प्रश्न येथेही सुटलेला नाही.

तयार विजेट आणि स्थानिक इतिहास

'आजचा दिनविशेष' दाखविणारे तयार विजेट सहज मिळत. प्रस्तुत लेखकाने विभागाच्या ब्लॉगवर असाच एक विजेट काही काळ वापरला. त्यात दोन अडचणी आल्या. पहिली अडचण आशयाची होती. २३ सप्टेंबर १८०३ या तारखेला आर्थर वेलस्लीचा विजय एवढाच उल्लेख येई. ज्या असईच्या परिसरात शिंदे व भोसले यांच्या सैन्याशी ती लढाई झाली, ते गाव आज जालना जिल्ह्यात आहे, याचा मागमूस तेथे नसे. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थानातील निजामी राजवट संपली आणि मराठवाडा मुक्त झाला. तयार यादीत ही नोंदच नव्हती. १ मे ला महाराष्ट्र राज्याची स्थापना होती, पण १९८१ साली त्याच दिवशी जालना जिल्हा अस्तित्वात आला, हे नव्हते. आपल्याच विद्यार्थ्यांना आपल्याच ब्लॉगच्या समासात आपला जिल्हा सापडत नव्हता.

दुसरी अडचण टिकाऊपणाची होती. तो विजेट आपली माहिती दूरच्या सर्व्हरवरून आणत असे. एके दिवशी ती सेवा बंद पडली आणि दिनविशेषाच्या जागी एक असंबद्ध जाहिरात दिसू लागली. या प्रकाराचे आश्चर्य वाटण्याचे कारण नाही. जिओसिटीजसारखी विशाल सेवा २००९ मध्ये आणि विजेटांवरच उभे असलेले आयगूगल २०१३ मध्ये बंद झाले. दुसऱ्याच्या कागदावर सोडलेला समास आपल्या मजकुराचे रक्षण करू शकत नाही, हा धडा यातून मिळाला आणि स्वतःचा विजेट तयार करण्याचे ठरले.

विजेटची रचना

आज्ञावलीच्या दृष्टीने विजेटचा प्लगइन फार मोठा नसतो. प्लगइनांच्या फोल्डरमध्ये पीएचपी भाषेतील एक फाइल ठेवावी लागते. तिच्या आरंभी प्लगइनचे नाव, आवृत्ती व कर्ता यांची टीप असते. त्यावरूनच वर्डप्रेसला प्लगइनची ओळख पटते. त्यानंतर वर्डप्रेसने पुरविलेल्या मूळ आराखड्यावरून आपला विजेट घडविला जातो. त्यास आपले नाव देऊन तीन कामे शिकवावी लागतात : वाचकास चौकट दाखविणे, संपादकास मांडणीचा अर्ज दाखविणे आणि त्या अर्जातील उत्तरे तपासून साठविणे. शेवटी प्रणाली ज्या टप्प्यावर विजेटांची नोंद घेते, तेथे आपल्या विजेटची नोंदणी करावी लागते. साठविताना अर्जातील घातक आज्ञा गाळणे आणि दाखविताना मजकूर सुरक्षित रूपात मांडणे, ही दोन पथ्ये पाळलीच पाहिजेत.

खरे कष्ट याच्या पुढे आहेत आणि ते इतिहासाच्या अध्यापकाच्या परिचयाचे आहेत.

पहिला प्रश्न अक्षराचा. युनिकोडच्या रूढ साठवणपद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. 'जालना' या शब्दात वाचकाला तीन अक्षरे दिसतात. संगणकाच्या दृष्टीने तेथे काना धरून पाच चिन्हे आणि पंधरा बाइट असतात. चौकट अरुंद म्हणून मजकूर दहा बाइटांवर तोडला, तर 'जाल' एवढेच उरते आणि पुढे एक भग्न चिन्ह उमटते. चिन्हे मोजून चारांवर तोडले तर शेवटचा काना गळून 'जालन' होते. 'घनसावंगी'ची पाच अक्षरे चोवीस बाइट घेतात. इंग्रजीसाठी लिहिलेल्या तयार विजेटात अशी तोडमोड सर्रास होते. यावर उपाय म्हणजे मजकूर शब्दांच्या सीमेवरच तोडणे. काना-मात्रा नेमस्त असाव्यात, ही लेखनक्रियेतील अपेक्षा येथे आज्ञावलीच्या रूपाने पुन्हा समोर येते.

दुसरा प्रश्न काळाचा. वर्डप्रेसमध्ये पीएचपीची साधी तारीख जागतिक प्रमाणवेळेनुसार येते आणि भारतीय वेळ तिच्या साडेपाच तास पुढे असते. त्यामुळे आमच्या पहिल्या आवृत्तीत मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंत कालचाच दिनविशेष दिसत असे. संकेतस्थळाच्या मांडणीत नोंदविलेली स्थानिक वेळ वापरल्यावर हा दोष गेला. महिन्यांची नावे व अंक मराठीत दाखविण्यासाठीही स्वतंत्र तरतूद करावी लागली.

तिसरा आणि सर्वांत गंभीर प्रश्न कालगणनेचा. समर्थांचा जन्म चैत्र शुद्ध नवमीचा. हा दिवस २०२४ साली १७ एप्रिलला आला, तर २०२५ साली ६ एप्रिलला. तारखेशी जखडलेल्या यादीत ही नोंद बसत नाही. त्यासाठी तिथीवार नोंदींचा स्वतंत्र तक्ता करून दरवर्षी पंचांगावरून त्यांची इंग्रजी तारीख भरावी लागते. शकाचा इसवी सन काढताना पाडव्यानंतर ७८ व पाडव्यापूर्वी ७९ मिळवावे लागतात. २२ मार्च १९५७ पासून स्वीकारलेला भारतीय राष्ट्रीय शक सौर असल्याने त्याचा वर्षारंभ पाडव्याशी जुळेलच असे नाही. छत्रपती शिवाजी महाराजांनी नोव्हेंबर १६७९ मध्ये जालना लुटले. त्या काळातील इंग्रज वखारींची पत्रे जुन्या जूलियन पद्धतीने तारीख घालीत. ती पद्धत इंग्लंडने १७५२ मध्ये सोडली आणि सतराव्या शतकात ती ग्रेगोरियन तारखेच्या दहा दिवस मागे होती. म्हणून प्रत्येक नोंदीपुढे मूळ साधनात कोणती कालगणना वापरली आहे, हे नोंदविणारा रकाना ठेवणे आम्हांस अपरिहार्य वाटले.

चौथा प्रश्न पुराव्याचा. साइडबारमध्ये एका ओळीपेक्षा अधिक जागा नसते आणि एका ओळीत लिहिलेले विधान निर्विवाद भासते. त्यामुळे तक्त्यात घटना, तालुका, मूळ साधन आणि नोंद तपासणारा अध्यापक असे रकाने ठेवले. साधनाचा रकाना रिकामा असेल, तर नोंद वाचकास दिसत नाही. विद्यार्थ्यांनी गावोगावच्या अनेक तारखा आणून दिल्या. त्यांतील बऱ्याच ऐकीव असल्याने तक्त्यात राहिल्या, चौकटीत आल्या नाहीत. विद्यार्थ्यांना हे प्रथम रुचले नाही. परंतु ऐकीव गोष्ट आणि साधार नोंद यांतील भेद त्यांना वर्गातील व्याख्यानापेक्षा या रिकाम्या रकान्याने अधिक स्पष्टपणे शिकविला, असे नम्रपणे नमूद करावेसे वाटते.

नोंदींची निवड करताना राजकीय घटनांबरोबरच जिल्ह्याच्या आर्थिक जीवनालाही स्थान दिले. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली महिको ही बियाणे कंपनी जालना येथे स्थापन केली व १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. बियाण्यांचे शहर अशी जालन्याची जी ओळख आहे, तिचा प्रारंभ विद्यार्थ्यांना ठाऊक असणे आवश्यक आहे.

समासाचे स्थलांतर

हे काम पूर्ण झाले असे म्हणेपर्यंत पृष्ठच बदलले. वाचक मोबाइलवर आला. पडद्याच्या रुंदीनुसार पृष्ठाची रचना बदलणाऱ्या पद्धतीला २०१० नंतर चालना मिळाली. या पद्धतीत अरुंद पडद्यावर साइडबार मजकुराच्या शेजारी न राहता त्याच्या खाली जातो. लेख पूर्ण वाचून खाली उतरणाऱ्यालाच तो दिसतो. वर्डप्रेसनेही जुलै २०२१ मधील ५.८ या आवृत्तीत विजेटांच्या जागी ब्लॉक ही नवी रचना आणली. जुन्या आराखड्यावरील विजेट 'लेगसी' म्हणजे जुना वारसा या नावाने चालू राहिले. जानेवारी २०२२ मधील ५.९ या आवृत्तीपासून संपूर्ण पृष्ठच ब्लॉकांनी रचता येऊ लागले आणि अशा थीममध्ये साइडबार ही वेगळी जागा असणे बंधनकारक राहिले नाही.

या बदलात आमची आज्ञावली जुनी ठरली. नोंदींचा तक्ता मात्र जुना ठरला नाही, कारण तो आरंभापासून आज्ञावलीबाहेर, युनिकोडमधील साध्या मजकुराच्या स्वरूपात ठेवला होता. नव्या ब्लॉकला तोच तक्ता जोडता आला. नोंदी आज्ञावलीच्या ओळींत गुंफल्या असत्या, तर त्या सर्व नव्याने वेचाव्या लागल्या असत्या. कागद झडला तरी अक्षर झडू नये, या जुन्या नियमाचा आजचा अर्थ हाच आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. संगणकीय पृष्ठाची कड म्हणजे आज्ञावली. ती झिजणार, बदलणार, हे गृहीत धरूनच नोंद तिच्यापासून अंतरावर ठेवली पाहिजे.

निष्कर्ष

१. समास ही मजकुराच्या जतनाची जागा आहे, ही जाणीव मराठी लेखनपरंपरेत सतराव्या शतकापासून स्पष्टपणे व्यक्त झालेली आहे.
२. साइडबार विजेटमुळे सामान्य लेखकास पृष्ठाच्या बाजूची जागा रचता आली. परंतु तयार विजेटातील आशय अन्यत्र ठरत असल्याने जिल्ह्याचा इतिहास तेथे गैरहजर राहिला.
३. स्वतःचा विजेट तयार करताना अक्षर, वेळ, कालगणना व पुरावा यांचे निर्णय घ्यावे लागतात. हे निर्णय केवळ संगणकतज्ज्ञावर सोपविता येणारे नाहीत. इतिहास, मराठी व संगणक या विभागांनी ते एकत्र बसून घ्यावेत.
४. नोंदींचा तक्ता आज्ञावलीपासून वेगळा ठेवावा, त्याची एक प्रत महाविद्यालयाच्या ग्रंथालयात जमा करावी आणि दरवर्षीच्या नियतकालिकात तो छापावा. तीन ठिकाणी असलेली नोंद एका सेवेच्या बंद पडण्याने नष्ट होत नाही.

जालना जिल्ह्याच्या आठही तालुक्यांतील महाविद्यालयांनी आपापल्या परिसराच्या साधार नोंदी अशा तक्त्यात भरल्या, तर जिल्ह्याच्या इतिहासाचे एक विश्वसनीय साधन तयार होईल. त्यासाठी मोठा निधी लागत नाही. साधन तपासून रकाना भरणारा एक अध्यापक आणि गावातून तारीख विचारून आणणारा एक विद्यार्थी, एवढी तयारी प्रत्येक महाविद्यालयात आहे.